चुलीत गेलेलं माझं पाणी

मित्रांनो, मी एक कुऱ्हाड आहे. माझं वय सहा वर्षं आणि माझ्या धारेचं वय फक्त एक महिना. हे कसं काय, असं तुम्ही विचाराल, तर तेच सांगायला बसले आहे. सांगताना थोडी बढाई मारीन, ती चालवून घ्या. जिने साजाच्या गाठी फोडल्या आहेत तिने गप्प का बसावं?

साजा म्हणजे मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटच्या जंगलातलं झाड. महाराष्ट्रातली मंडळी त्याला ऐन म्हणतात. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी असते आणि स्वभावही तसाच. चांगल्या चांगल्या कुऱ्हाडी त्याच्यापुढे तोंड वाकडं करून परत येतात. हे नाव लक्षात ठेवा, कारण माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी फजिती त्याच्याचसमोर झाली.

पण आधी जन्म. कुऱ्हाड होण्याआधी मी एका ट्रकचा पाटा होते. चाकाच्या वर वाकलेल्या लोखंडी पट्ट्या पाहिल्या आहेत ना तुम्ही? त्यांतली एक. बैहरच्या घाटात वर-खाली, वर-खाली, पाठीवर दहा टन माल. एक दिवस एका खड्ड्यात मी तुटले. ट्रकवाल्याने मला अशी शिवी घातली की ती मी इथे सांगणार नाही. मग मी रस्त्याच्या कडेला पडून राहिले. बिरसा आणि बैहरच्या मधे दहा-बारा घरांचा एक टोला आहे, तिथल्या मोतीलालने मला उचललं.

मोतीलाल अगरिया लोहार. त्याच्या भट्टीत भाता पायांनी चालवतात आणि तो चालवते त्याची बायको सीता. चामड्याचे दोन भाते शेजारी शेजारी. एकावर डावा पाय, दुसऱ्यावर उजवा. ती जागच्या जागी चालत राहते आणि निखारे फुलत राहतात. "सुबह से दस कोस चल लेती हूँ," ती म्हणायची, "और पहुँचती कहीं नहीं."

त्या निखाऱ्यांत मी लालभडक झाले. मोतीलालने मला मधोमध वाकवलं, मधे एक लोखंडी खुंटी धरली आणि माझी दोन्ही टोकं एकमेकांवर आणून घणाने ठोकली, इतकी की दोनाची एक झाली. खुंटी काढली तेव्हा तिच्या जागी भोक राहिलं. त्याला नेढं म्हणतात. दांडा त्यात बसतो. माझं नेढं वरून रुंद आहे आणि खाली अरुंद. दांडा वरून घालायचा, त्याचं जाड टोक वरच अडकतं, आणि जितके घाव घालाल तितका तो घट्ट होतो. पाचर नको, खिळा नको. बाजारातल्या यंत्रावरच्या कुऱ्हाडींचं असं नसतं. त्यांचा दांडा खालून घालतात आणि वरून पाचर ठोकतात. हा फरक तुम्हाला फार छोटा वाटेल. मलाही वाटला होता.

सगळ्यात शेवटी पाणी. लोहार 'पाणी दिलं' म्हणतो म्हणजे आंघोळ घातली असं समजू नका. धार लाल करून ती पाण्यात विझवायची, मग पाठीतली उरलेली ऊब हळूहळू धारेपर्यंत येऊ द्यायची, आणि बरोबर वेळेला पुन्हा विझवायची. त्यामुळे धार कडक होते आणि माथा नरम राहतो. धार नरम असेल तर ती लाकडावर दुमडते. माथाही कडक असेल तर एक दिवस काचेसारखा फुटतो. धारेत भरलेला हा जो कडकपणा, त्याचंच नाव पाणी. तो डोळ्यांना दिसत नाही. पण कुऱ्हाडीत तोच नसेल तर मग राहिलं काय? एक वजनदार पेपरवेट.

मोतीलालने मला बैहरच्या बाजारात नेलं. गोणपाटावर आम्ही चौघी बहिणी. समोरच्या दुकानात यंत्रावरच्या कुऱ्हाडी, लाल रंग लावलेल्या, वर सोनेरी चिठ्ठी चिकटवलेली. आम्ही काळ्या, अंगावर घणाचे घाव. लोक यायचे, आमच्यावरून नजर फिरवायचे आणि समोर जायचे. तीन बाजार असे गेले. तेव्हाही मला वाईट वाटलं नाही. बरं, वाटलं. पण थोडंच.

चौथ्या बाजारात एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांचा हात धरून दोन वेण्यांची, सहावीतली एक मुलगी. म्हातारे म्हणजे बाबूलाल. जंगलखात्याच्या कूपात, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेल्या जंगलात, त्यांनी तीस वर्षं झाडं पाडली होती. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. मुलगी म्हणजे त्यांची नात आम्रपाली. ती त्यांना आबाजी म्हणायची.

आम्रपाली थेट लाल कुऱ्हाडीकडे गेली. "आबाजी, हे घ्या! कशी चमकून राह्यली!"

"चमकते तं आरसाही," आबाजी म्हणाले. "मले दिसत नाही पोरी. आज डोळे तुहे, कान माहे. बोटावर टांग तिले, अन् गोट्यानं वाजव."

समोरचा दुकानदार हसला. "ओ बाबाजी, पोरीले बाहुली घेऊन द्या. कुऱ्हाड घेऊन काय करते ते?"

"बाहुलीनं लाकूड फुटते का?" आम्रपालीने विचारलं. मला ती तिथेच आवडली.

तिने लाल कुऱ्हाड नेढ्यात बोट घालून टांगली आणि खड्याने वाजवली. थप्प! मडकं वाजावं तशी. मग ती आमच्याकडे वळली. माझ्या थोरल्या बहिणीला वाजवलं, चांगली वाजली. मला वाजवलं. टणण्ण्ण! हा आवाज बाजारभर फिरून परत आला, असं मी म्हणत नाही, पण शेजारच्या कांदेवाल्याने मान वळवून पाहिलं, एवढं नक्की.

"या दोघीच," आबाजी म्हणाले. "आता एक डोळा मिट. वरून पाह्य. नेढ्याचा मध्य अन् धार एका रेघेत आहे का?"

थोरलीची धार उजवीकडे जराशी कलली होती. अगदी गव्हाच्या दाण्याएवढी. आम्रपालीला ते दिसलं. मोतीलालनेही वाकून पाहिलं आणि थोरलीला मागे टाकलं. पुन्हा भट्टीत घालून सरळ करायची, म्हणजे. असा माणूस तो.

"आता कानस." आबाजींनी खिशातून छोटी कानस काढून दिली. "आधी माथ्यावर घास. मंग धारेवर."

माथ्यावर कानस कुरकुर करत रुतली. धारेवर ती सर्रकन घसरली.

"घसरली, आबाजी!"

"हौ? मंग हेच आपली."

मित्रांनो, कुऱ्हाड निवडायची ती अशी. रंग पाहून निवडणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. ते पुढच्या वर्षी पुन्हा बाजारात येतातच.

अशी मी बिरसाला आले. आबाजींनी धामणीच्या लाकडाचा दांडा तासून मला बसवला. धामण लवचीक असते, हाताला झटका लागू देत नाही. दांड्याला जवसाचं तेल, धारेला दर पंधरा दिवसांनी दगड, आणि काम झालं की कोरड्या फडक्याने पुसणं. दुसरी सेवा मी कधी मागितली नाही.

आम्रपालीची आई रीना. तिच्या हाताला अशी चव की वस्तीत कोणाकडे नामकरण असो, साखरपुडा असो, वरण तिनेच करायचं. तेही लाकडाच्या चुलीवर, मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात. लाकूड मी फोडायची. आधी आबाजींच्या हातात, मग हळूहळू आम्रपालीच्या. पहिल्या दिवशी तिचा घाव लाकडाला लागलाच नाही, जमिनीला लागला. नववीत गेल्यावर मात्र ती अशी फोडायला लागली की पलीकडची मुलं सायकली थांबवून बघायची. ती बघतायत हे कळलं की ती आणखी जोरात घाव घालायची. मी काही बोलले नाही. मलाही बरंच वाटायचं.

मधे एक पावसाळा वाईट गेला. घरात गॅस आला आणि मी दाराआड गेले. चार महिने माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. माझ्यावर गंजाचे ठिपके आले आणि माझ्या नेढ्यावर एका कोळ्याने जाळं विणून संसार थाटला. पण पन्नास माणसांचं वरण घरच्या गॅसवर होत नाही. दिवाळीनंतर रीनाने पुन्हा चूल मांडली आणि कोळ्याला घर बदलावं लागलं.

आता या वर्षीचं सांगते.

बुद्धपौर्णिमेला विहारात चारशे लोकांचं जेवण होतं. दरवर्षी ते काम राकेश आचाऱ्याकडे असायचं. त्याच्याकडे मोठ्या गॅसच्या भट्ट्या आहेत. या वर्षी विहाराच्या समितीतल्या बायांनी लावून धरलं की काम रीनाला द्या. रीनाने एवढं मोठं जेवण कधी केलं नव्हतं. हे जमलं तर पंचक्रोशीतली कामं तिला मिळणार होती. नाही जमलं तर ती पुन्हा साखरपुड्यांच्या वरणावर.

राकेश घरी आला. चहा प्यायला, आणि चहा पिता पिता म्हणाला, "वयनी, समितीनं लाकडं पाठवली, पाह्यली का? सगळा साजा आहे. गाठीगाठीचा. गावातले गडी तेंदूपत्त्याले गेले. फोडन कोन?"

"माही पोरगी फोडन," रीना म्हणाली.

"पोरगी!" तो हसला. "चांगलं आहे. मी समितीशी बोललो. शनिवारी बारा वाजेपर्यंत लाकडं फुटली तं तुमी करा. नाही तं माह्या भट्ट्या आहेतच. चारशे लोकाले उपाशी तं नाही ठेवता येत ना?"

अट वाजवी होती, म्हणून जास्तच टोचली.

आबाजी तेव्हा घरी नव्हते. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गोंदियाला आम्रपालीच्या आत्याकडे गेले होते. शुक्रवारी सकाळी आम्रपालीने कमरेला ओढणी बांधली आणि पहिला ओंडका उभा केला. पाच-सहा घाव छान गेले. मग जोशात तिने थोडा लांबून घाव घातला. मी ओंडक्याच्या पलीकडे गेले, दांडा काठावर आपटला, आणि कट्ट! सहा वर्षांचा धामणीचा दांडा नेढ्याखाली मोडला. त्याचा बुडखा माझ्यातच अडकून राहिला.

"काही नाही होत," ती म्हणाली. "बुडखा काढते, नवा दांडा घालते. दहा मिनिटाचं काम."

आता आठवा, माझा दांडा वरून घातलेला आहे, जाड टोक वर. बुडखा काढायचा तर मला उलटी धरून खालून वर ठोकायला हवं. आम्रपालीने पलीकडच्या घरी लाल कुऱ्हाडीचा बुडखा काढताना पाहिला होता. तिने मला सरळ धरलं आणि वरून खाली ठोकलं. ठोकेल तितका बुडखा आणखी घट्ट. खिळा लावून ठोकलं, दगडाने ठोकलं. अर्धा तास गेला. तिचा अंगठा सुजला. बुडखा माझ्यात असा बसला की जणू त्याने तिथे घर बांधलं.

तिचं लक्ष चुलीकडे गेलं. चुलीत सकाळचे निखारे होते.

मला ओरडता आलं असतं तर मी त्या दिवशी ओरडले असते. लाकूड जळतं, लोखंड जळत नाही, असा तिचा साधा हिशेब. तिने मला निखाऱ्यांत ठेवलं आणि फुंकणीने फुंकलं. बुडखा जळून राख झाला. आणि मी लाल झाले, माथ्यापासून धारेपर्यंत. मग तिने मला बाहेर काढून राखेवर हळूहळू निवायला ठेवलं. मोतीलालने दिलेलं पाणी माझ्यातून उतरलं. दुखलं नाही. फक्त आतून एकदम सैल वाटलं, परीक्षेत सगळं पाठ असलेलं विसरल्यासारखं.

तिला काय माहीत! तिने आबाजींनी तासून ठेवलेला दुसरा दांडा खुशीत बसवला, ओंडका उभा केला, घाव घातला. मी गाठीवर पडले आणि माझी धार पत्र्यासारखी दुमडली.

तिने माझ्याकडे पाहिलं. धार दगडावर घासून सरळ केली. पुन्हा घाव. पुन्हा दुमडली. मग पलीकडची लाल कुऱ्हाड मागून आणली. तिने तीन घाव कसेबसे सोसले, चौथ्याला तिच्या धारेचा तुकडा उडाला. दहा वाजले होते. ओंडक्यांचा ढीग जसाच्या तसा.

आम्रपालीने कानस आणली आणि माझ्या धारेवर घासली. कानस रुतली, लोण्यात सुरी रुतावी तशी. तेव्हा तिचा चेहरा उतरला. तिने फोन लावला.

"आबाजी, मी कुऱ्हाड चुलीत टाकली."

"किती वेळ?"

"बुडखा जळेपर्यंत."

"लाल झालती?"

"झालती."

"मंग पाणी गेलं. रडून राह्यली का तू?"

"नाही."

"मंग नाक कोनाचं वाहून राह्यलं?"

"आबाजी, तुमी ओरडत काहून नाही?"

"डाक्टरनं मना केलं. डोळ्यावर जोर पडते." आबाजी खोकले. "आयक. रडाचं तं मंग रड, पहिले जीप पकड. मोतीलाल आहे अजून. अन् त्याले खोटं सांगू नोको. लोखंड पाहून त्याले समजतेच."

रीना दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता फटका बसणार. तिने आम्रपालीच्या हातात पाण्याची बाटली आणि फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी दिल्या. "संध्याकाळच्या आत ये," एवढंच म्हणाली. पण ती वळली तेव्हा तिचा एक हात दुसऱ्या हाताला घट्ट धरून होता. ते मी पाहिलं, आम्रपालीनेही पाहिलं.

जीपमध्ये चौदा माणसं, तीन कोंबड्या आणि मी. माझ्या मनात एकच विचार. पाणी परत चढलं नाही तर उद्या रीनाचं काम जाणार आणि मी भंगारात जाणार.

मोतीलालने मला हातात घेतलं, नखाने वाजवलं. थप्प. माझा आवाजसुद्धा लाल कुऱ्हाडीसारखा झाला होता! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पानी उतर गया. किसने किया?"

"मी," आम्रपाली म्हणाली. "मैंने. चूल्हे में डाली."

सीता घरातून लंगडत आली. तिचे गुडघे गेले होते. "चूल्हे में? हाय दैया! छह साल जिसकी कमाई खाई, उसी को भून डाला?"

"अब भून लिया तो भून लिया," मोतीलाल म्हणाला. "आज भट्टी बंद है बिटिया. इसके घुटने नहीं चलते. धौंकेगा कौन?"

आम्रपालीने चपला काढल्या. "मी चालवते."

"स्कूल की लड़की से नहीं होगा," सीता म्हणाली. "पाँच मिनट में पाँव भर आएँगे."

"पाच मिनिटं तं होऊ द्या!"

तिने भात्यांवर पाय ठेवले. सुरुवातीला तोल जाऊन ती दोनदा भिंतीवर आपटली. सीता हसून हसून खाली बसली. मग तिनेच ताल धरून दिला. डावा, उजवा, डावा, उजवा. निखारे फुलले. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. आम्रपालीच्या पोटऱ्या थरथरत होत्या, पण पाय थांबले नाहीत.

माझी धार लाल झाली. मोतीलालने मला पाण्यात बुडवलं, छस्स! लगेच बाहेर काढून धार दगडावर घासून चकचकीत केली. "अब बोल, क्या काटेगी? बाँस, या मोटी लकड़ी?"

"साजा. गाठीचा."

"तो देख. पीठ की गर्मी अब धार पर आएगी, तो रंग दौड़ेगा. पहले पीला, सूखी घास जैसा. उस पर रोका तो बाँस के लिए अच्छी, पर गाँठ पर टुकड़ा उड़ेगा. फिर भूरा, फिर बैंगनी. नीला हो गया तो गया, फिर मुड़ेगी. कुल्हाड़ी तेरी है. कब रोकना है, तू बोलेगी."

"मी?"

"मेरी आँख अब धोखा देती है. और गलती भी तेरी है, तो आँख भी तेरी."

तुम्हाला वाटेल रंग सावकाश येत असतील. छे! पिवळा आला म्हणेपर्यंत तपकिरी झाला, आम्रपाली श्वास घ्यायला थांबली, आणि धार मोरपंखासारखी निळी.

"आता! आता!"

"अब क्या? गाड़ी निकल गई." मोतीलालने मला पुन्हा निखाऱ्यात टाकलं. "एक बार और. उसके बाद नहीं. बार-बार में लोहा थक जाता है."

ऊन कलायला लागलं होतं. चारची शेवटची जीप होती. आम्रपाली पुन्हा भात्यांवर चढली. पुन्हा लाल. पुन्हा छस्स. पुन्हा दगड. तिने माझ्या धारेजवळ तोंड आणलं, इतकं जवळ की तिच्या घामाचा एक थेंब माझ्या पाठीवर पडून चर्रकन उडाला. पिवळा. गडद पिवळा. मध. तपकिरी. आणि तपकिरीच्या काठावर वांग्याच्या सालीसारखी एक रेघ उमटली.

"रोका!"

छस्स.

मोतीलालने कानस तिच्याच हातात दिली. तिने माथ्यावर घासली, रुतली. धारेवर घासली.

सर्रकन.

सीताने बोटावर टांगून मला खड्याने वाजवलं. माझा आवाज माझाच होता, मित्रांनो! मी तर तिथेच नाचले असते.

शनिवारी सकाळी सात वाजता आम्रपालीने पहिला ओंडका उभा केला. नऊ वाजता राकेश पिकअपमध्ये भट्ट्या टाकून आला आणि खुर्ची मागवून सावलीत बसला. "मी कायले घाई करू? बारापर्यंत बसतो आरामात."

"बसा, भाऊ," रीना म्हणाली. "बसल्या बसल्या लसूण सोला."

त्याला वाटलं ती गंमत करते आहे. तिने खरंच सूप आणून त्याच्या मांडीवर ठेवलं.

आम्रपालीने आज जोश दाखवला नाही. गाठीच्या मधोमध घाव न घालता ती कडेकडेने फोडत आली, आबाजींनी शिकवलं होतं तसं. मी पहिल्या गाठीवर पडले. मनात म्हटलं, दुमड आता, नाही तर कायमची सरळ राहा. गाठ उघडली. आतला लाल-तपकिरी गाभा दिसला. आम्रपालीने मला उचलून धार पाहिली. एक ओरखडासुद्धा नाही!

मग आमची गाडी सुटली. फाट, फाट, फाट. रीना ओंडके लावत होती, ढलपी गोळा करत होती. अकरा वाजता आम्रपालीच्या तळहाताला फोड आले, तिने चिंधी गुंडाळली. पावणेबाराला तीन ओंडके राहिले आणि तिचे हात वर उठेनात.

"तीन राह्यले," राकेश म्हणाला. त्याच्या सुपात सोललेल्या लसणाचा ढीग होता.

"दे इकडे," रीनाने हात पुढे केला.

"आई, तुले जमते?"

"तुह्या जन्माच्या आधी कोन फोडे लाकडं? तुहा बाप?"

तिने पदर खोचला आणि मला उचललं. सहा वर्षांत ती मला पहिल्यांदाच अशी धरत होती. बाईचा हात बसलेला होता, मित्रांनो! एक. दोन. तिसरा ओंडका सगळ्यात वाकडा. तो एका घावात नाही फुटला, पाच लागले. पण बाराला चार मिनिटं कमी होती.

राकेशने उठून कपडे झटकले. "लसूण कुठं ठेवू, वयनी?"

रविवारी चारशे म्हणता साडेचारशे लोक जेवले. वरणाचे गंज पुसून रिकामे झाले. खीर राकेशने दोनदा घेतली आणि तिसऱ्यांदा पुतण्याच्या नावाने नेली. निघताना त्याने रीनाला पुढच्या महिन्यातलं एक लग्न सांगितलं. "माह्याकडून दोन गावं होत नाही एका दिवशी. एक तुमी करता का?" रीना म्हणाली, "पाहू." मग आत जाऊन तिने आम्रपालीला इतक्या जोरात कवटाळलं की पोरीचे फोड दुखले.

समितीतल्या एक काकू सगळ्यांसमोर माझं कौतुक करायला लागल्या. कुठली कुऱ्हाड आहे, काय धार आहे. आम्रपालीने मान खाली घालून ऐकून घेतलं असतं तरी चाललं असतं. पण ती उठून उभी राहिली. "काकू, परवा मीच इले चुलीत टाकून खराब केलती. बुडखा निघत नव्हता म्हणून. कोनाले विचारलं नाही, म्हणून."

मागून एका बाईचा आवाज आला, "माय! मी तं उद्या तेच करणार होती."

सोमवारी सकाळी आमच्या अंगणात सात कुऱ्हाडी आल्या. कोणाचा बुडखा अडकलेला, कोणाची धार गेलेली, कोणाला नवी घ्यायची होती आणि निवडायची कशी ते माहीत नव्हतं. आम्रपाली मधे बसली आणि एकेकीला बोटावर टांगून वाजवू लागली.

तर मित्रांनो, तुमच्या घरात माझी एखादी बहीण असेल. तिला कोरडी ठेवा, तेल द्या, पण हे सगळं नाही जमलं तरी मी रागावणार नाही. गंज घासून काढता येतो. फक्त दांडा मोडला तर तिला आधी उलटी धरून पाहा. आणि ती कशी बनली आहे हे ठाऊक नसेल, तर विस्तवाजवळ नेण्याआधी ज्याला ठाऊक आहे त्याला फोन करा. तो ओरडेल, हसेल, तुमचं नाक वाहतंय का ते विचारेल. तेवढं सहन करा. मग चूल पेटवा, आणि तिच्यात घालायचं ते लाकूड फोडायला मला बोलवा.